जिगसॉ की प्रकल्प? नागपूरच्या भरगच्च वर्गासाठी

वर्गात 48 मुलं, अभ्यासक्रम डोक्यावर, आणि तरी मुलांनी स्वतः शिकावं अशी तुमची मनापासून इच्छा. मग जिगसॉ गटकार्य (गटातलं प्रत्येक मूल धड्याचा एक भाग शिकून तो बाकीच्यांना शिकवतं) घ्यावं की प्रकल्प? माझं मत आधीच सांगते: पहिल्या सत्रात जिगसॉ.

मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन यांनी 1971 मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिनमध्ये ही पद्धत आखली. तिथे वेगवेगळ्या वंशांची मुलं नुकतीच एका वर्गात आली होती आणि त्यांच्यात तेढ होती; ती कमी करण्यासाठीच ही पद्धत होती. आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्याच्या 25 टक्के जागांवरचं मूल पूर्ण फी भरणाऱ्याच्या शेजारी बसतं, कुणाच्या घरी मराठी, कुणाच्या हिंदी. म्हणून मला ही पद्धत इथे फार मोलाची वाटते.

संसर्गजन्य रोगांचा धडा घ्या. सहा-सहा जणांचे आठ गट करा. गटातल्या प्रत्येकाकडे एक रोग: क्षय, कावीळ, विषमज्वर, पटकी, डेंग्यू, हिवताप. सगळ्या गटांतले डेंग्यूवाले एकत्र बसून आपला भाग पक्का करतात (आठ जणांत दोघंच बोलतात, म्हणून चार-चार बसवा) आणि परत येऊन आपल्या गटाला शिकवतात. डेंग्यू दुसऱ्या कुणाकडून कळणार नसल्यामुळे बाकीचे पाच कान देऊन ऐकतात. एरवी तोंड न उघडणारी मुलगी पाच जणांसमोर बोलते. शेवटी चाचणी मात्र ज्याची त्याने द्यायची. दोन तास जोडून मागून घ्या. गणितात, जिथे पुढची पायरी मागचीवर उभी असते, तिथे ही पद्धत वापरू नका.

प्रकल्पाची खोली याहून जास्त, हे मान्यच. 1937 च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी मांडलेली नई तालीमही हाताच्या कामातून शिकण्याचीच होती. नाग नदी अंबाझरीपासून पुढे कुठे आणि कशामुळे घाण होते, हा प्रश्न मुलांनीच काढला तर विज्ञान, भूगोल, नागरिकशास्त्र एकत्र येतं. पण त्याला आठवडे लागतात, आणि काम घरी गेलं की ते पालक करतात. दुकानातून आणलेला तयार तक्ता म्हणजे प्रकल्प नव्हे.

म्हणून प्रकल्प दुसऱ्या सत्रात, वर्षात एकच. फिरणं डिसेंबर-जानेवारीत उरका. मार्चपासून ऊन तापायला लागतं. नदीचं निरीक्षण पुलावरून, पाण्यात न उतरता. नोंदी वर्गातच लिहून घ्या आणि गुण तक्त्याला न देता त्या नोंदवहीला द्या.