एमएलबी द शो : काही महिने खेळल्यानंतर

'एमएलबी द शो २५' हा बेसबॉलचा व्हिडिओ गेम मी काही महिने प्लेस्टेशन ५ वर नियमितपणे खेळत आहे. सोनीच्या सॅन डिएगो स्टुडिओची ही मालिका २००६ मध्ये सुरू झाली. तिच्या टिकण्याचे श्रेय मी ग्राफिक्सपेक्षा चेंडू फेकणारा पिचर आणि फटका मारणारा बॅटर यांच्या झुंजीला देईन.

बॅटिंगसाठी 'झोन' पद्धत निवडली की डाव्या स्टिकने एक छोटे लक्ष्यचिन्ह चेंडूच्या वाटेत न्यायचे आणि नेमक्या क्षणी बटण दाबायचे. फुलीने नेहमीचा फटका बसतो, वर्तुळाने नुसता चेंडूला बॅट लावणारा, तर चौकोनाने जोरकस. मात्र जोरकस फटका निवडल्यास लक्ष्यचिन्ह आकसते आणि चुकीला जागा उरत नाही. फास्टबॉल बॅटरजवळच्या प्लेटपर्यंत यायला अर्धा सेकंदही लागत नाही, आणि स्ट्राइक, म्हणजे फटक्याच्या टप्प्यातला, वाटणारा स्लायडर हा वळणारा चेंडू शेवटच्या क्षणी बाहेर निघून जातो. क्रिकेटवर पोसलेल्या माणसाचे हात अशा वेळी शिवशिवतात. पण ऑफस्टंपबाहेरचा चेंडू सोडण्यातली मजा ज्याला कळते, त्याला इथे लवकर सूर सापडतो. टप्प्याबाहेरचे चार चेंडू (त्यांनाच इथे 'बॉल' म्हणतात) सोडले की पहिला बेस आयता मिळतो, शिवाय पिचर दमत जातो ते वेगळेच. पिचिंगची 'पिनपॉइंट' पद्धत २०२१ च्या आवृत्तीत आली. तिच्यात प्रत्येक चेंडूसाठी उजव्या स्टिकने ठरावीक आकृती काढावी लागते. साध्या फोर-सीम फास्टबॉलसाठी स्टिक खाली ओढून सरळ वर न्यायची, एवढे सोपे काम, पण दडपणाखाली तेही वाकडे होते आणि चेंडू नको तिथे जातो.

ही मालिका एकटी कशी उरली, हे बेसबॉलइतकेच करारांच्या राजकारणात दडलेले आहे. २००५ मध्ये मेजर लीगने (एमएलबी, अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉल लीग) टेक-टू या गेम कंपनीशी करार करून इतर त्रयस्थ प्रकाशकांना दार बंद केले. त्यामुळे ईए या दुसऱ्या गेम कंपनीची 'एमव्हीपी बेसबॉल' ही सुरेख मालिका मेजर लीगचे संघ गमावून बसली. कन्सोल बनवणाऱ्या कंपन्यांना मात्र या करारातून सूट होती, म्हणून सोनीची वाट मोकळी राहिली. पुढे 'एमएलबी २के१३' या आपल्या खेळानंतर टेक-टूनेही माघार घेतली आणि वास्तवदर्शी बेसबॉल हवा असलेल्या कन्सोल खेळाडूसमोर जवळजवळ हाच एक पर्याय उरला. स्पर्धा नसल्याची सुस्ती संघ चालवण्याच्या फ्रँचायझी मोडमध्ये मला स्पष्ट जाणवते. जुना सेव्ह पुढच्या वर्षीच्या आवृत्तीत नेण्याची सोय २०२१ मध्ये गेली, तेव्हा वर्षानुवर्षे एकच संघ चालवणाऱ्या चाहत्यांनी नाराज होणे स्वाभाविकच होते. त्याच वर्षी हा सोनीचा खेळ एक्सबॉक्सवर, तोही पहिल्याच दिवसापासून गेम पास या एक्सबॉक्सच्या वर्गणी सेवेत, आला. पुढच्या वर्षी निन्टेन्डो स्विचवरही.

मालिकेने केलेले सर्वांत मोलाचे काम मात्र २०२३ च्या आवृत्तीत आहे. कॅन्सस सिटीतील निग्रो लीग्ज (कृष्णवर्णीय खेळाडूंच्या वेगळ्या लीग) बेसबॉल संग्रहालयाचे अध्यक्ष बॉब केंड्रिक हे 'स्टोरीलाइन्स'मध्ये एकेका खेळाडूची गोष्ट सांगतात आणि मध्येच तो प्रसंग आपल्याला खेळायला मिळतो. वर्णभेदामुळे कृष्णवर्णीयांना मेजर लीगची दारे बंद असताना रूब फॉस्टर यांनी १९२० मध्ये निग्रो नॅशनल लीग उभी केली. ती बंदी मोडत जॅकी रॉबिन्सन १९४७ मध्ये मेजर लीगच्या ब्रुकलिन डॉजर्स संघाकडून उतरले. नामांकित पिचर सॅचेल पेज यांना मेजर लीगमध्ये पहिली संधी मिळाली ती १९४८ मध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी. हे सारे मी वाचलेले होते. पण केंड्रिक यांच्या रसाळ निवेदनानंतर पेज यांच्या रूपात स्वतः पिचिंग करताना त्या वाया गेलेल्या वर्षांची जी चीड येते, ती नुसत्या वाचनाने आली नव्हती. खेळांच्या व्हिडिओ गेममध्ये इतिहास बहुधा जुन्या जर्सीपुरताच असतो. इथे तो खरोखर कळतो.

'डायमंड डायनेस्टी' या खेळाडूंची कार्डे जमवून संघ उभारण्याच्या मोडविषयी मला फारसा उत्साह नाही. त्यासाठी लागणारे 'स्टब्ज' हे खेळातले चलन खेळून मिळते हे खरे, पण ते खऱ्या पैशांनीही विकत घेता येते, आणि खेळाचे मुख्य पडदे सारखी त्याचीच आठवण करून देतात. त्यापेक्षा एकाच खेळाडूची कारकीर्द घडवण्याचा 'रोड टू द शो' हा मोड मला भावला. २०२५ च्या आवृत्तीत आपला खेळाडू शाळेच्या मैदानापासून सुरुवात करतो आणि वाटल्यास आधी कॉलेजकडून खेळतो. नव्याने घेणाऱ्याने काठिण्यपातळी 'डायनॅमिक' ठेवावी, म्हणजे आपल्या कामगिरीनुसार ती आपोआप बदलते. आदली आवृत्ती हाताशी असून फक्त फ्रँचायझी खेळायची असेल, तर मात्र दरवर्षी पूर्ण किंमत मोजण्याचे कारण मला दिसत नाही.