ताई चीचा नवशिक्यांचा क्लास: बारा आठवड्यांनंतर

रात्री तीनला डोळे उघडायचे आणि मग उजाडेपर्यंत नुसती कूस बदलणं. दिवसभर हिशेब तपासायचं काम, घरी अंथरुणाला खिळलेले सासरे, आणि मानेत कायम आखडल्यासारखं. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब वर सरकतोय, गोळ्यांबरोबर काहीतरी शांत व्यायाम करा. म्हणून ताई ची या संथ हालचालींच्या चिनी व्यायामप्रकाराच्या बॅचला नाव घातलं. आठवड्यातून दोनदा, तासभर, बारा आठवडे.

पहिल्या तीन तासांत फॉर्ममधलं, म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या क्रमातलं, काहीच शिकवलं नाही. नुसतं उभं राहायचं. दोन पायांत खांद्यांइतकं अंतर, गुडघे जरासे सैल, हात बाजूला सोडलेले. मला वाटलं, यासाठी फी भरली का? तिसऱ्या दिवशी मॅडम मागून आल्या आणि माझ्या खांद्यांवर फक्त दोन-दोन बोटं टेकवली. खांदे बोटभर खाली आले! ते उचलून धरलेत हे मला ठाऊकच नव्हतं. आता ऑफिसात दिवसातून किती वेळा ते वर चढतात, हे माझं मलाच कळतं.

मग चालणं. एरवी आपण पाऊल टाकतो आणि वजन लगेच त्यावर जातं. इथे टाच नुसती टेकवायची, पाय रिकामा. मनात आलं तर तो तसाच उचलून मागे घेता आला पाहिजे. मगच हळूहळू वजन पुढे न्यायचं आणि तो पाय भरायचा. एका पावलाला तीन-चार श्वास जातात. त्या वेळात डोक्यात दुसरं काही शिरलं की तोल जातो, त्यामुळे ऑफिस आपोआप बाहेर राहतं. ध्यानाला बसून मला हे कधी जमलं नव्हतं.

त्यानंतर 24 हालचालींचा फॉर्म. ताई चीच्या यांग शैलीचा लांबलचक पारंपरिक क्रम आटोपशीर करून चीनच्या क्रीडा खात्याने तो 1956 मध्ये बसवला. सगळा केला तरी पाच-सहा मिनिटांत होतो. ‘पांढरा क्रौंच पंख पसरतो’, ‘ढगांसारखे हात’ अशी एकेका हालचालीची नावं. ढगांचे हात माझे सगळ्यात लाडके. आधी कंबर वळते आणि हात तिच्या पाठोपाठ येतात, उलटं नाही.

तक्रार मात्र आहे, आणि मोठी आहे. सहाव्या आठवड्यात दोन बॅच एकत्र केल्या. आम्ही तीसएक जण, शिकवणाऱ्या एकट्या मॅडम. कोण कसं वळतंय हे बघायला कुणी उरलंच नाही. मी पाऊल जमिनीला घट्ट रोवून गुडघ्यातून वळत राहिले आणि उजवा गुडघा दोन आठवडे दुखला. वळायचं कंबरेतून, गुडघा पायाच्या बोटांच्याच दिशेला ठेवायचा, हे मला त्यानंतर सांगितलं गेलं. हे पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. सरावाचा व्हिडिओही समोरून घेतलेला, त्यामुळे डावं-उजवं उलटं होतं. पाठमोरा व्हिडिओ कितीतरी सोपा गेला असता.

फायदा काय झाला? जाग अजूनही येते, पण पुन्हा डोळा लागतो. मान मोकळी झाली. रक्तदाबाची गोळी चालूच आहे, ती डॉक्टर सांगतील तेव्हाच बंद होईल. मोजे घालताना आता भिंतीचा आधार लागत नाही, हे मात्र नक्की. तोलाच्या बाबतीत तर संशोधनही आहे: पार्किन्सनच्या 195 रुग्णांवरचा अभ्यास 2012 मध्ये आला, त्यात ताई ची करणाऱ्यांचा तोल स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा चांगला सुधारला होता.

घाम गाळायचा असेल, झटपट वजन उतरवायचं असेल, तर इथे येऊ नका. गुडघे आधीच दुखत असतील तर पहिल्याच दिवशी तसं सांगा आणि ते कमी वाकवा. नाव घालण्याआधी बॅचमध्ये किती जण असतील हे विचाराच. मी पुढच्या बॅचला नाव घातलंय, पण बारापेक्षा जास्त जण घेणार नाही असं कबूल करून घेतल्यावरच.