क्लाइंबची पाच मिनिटं, सात महिन्यांनंतर: आधी ट्रिम, मग बाकीचं सगळं

लिहायला निमित्त झालं जॉयस्टिकच्या हॅट स्विचचं, म्हणजे गेममध्ये मान वळवून आजूबाजूला बघायच्या छोट्या बटणाचं. खेळायला लागल्यावर सातव्या महिन्यात तो खालच्या दिशेला अडकायला लागला आणि वर चढताना आपण आजूबाजूला किती कमी बघतो ते लख्ख कळलं. वॉर थंडर या संगणकावरच्या लढाईच्या गेमचा सिम्युलेटर मोड असो नाहीतर आयएल-2 हा विमानांचा गेम, प्रॉपेलर विमानांचा हिशेब साधारण सारखाच: सेकंदाला 15 मीटर धरले तर 5 मिनिटांत 4500 मीटर. ही पाच मिनिटं बहुतेकांची नुसती वाट बघण्यात जातात. नाक वर, थ्रॉटल (इंजिनच्या ताकदीचा दांडा) पूर्ण, हातात फोन. मग समोरचा डोक्यावर दिसला की विमानाच्या नावाने बोटं मोडायची.

या काळात काय काय करता येतं याच्या याद्या खूप आहेत. खेळाडूंची यादी उघडून समोर कुठली विमानं आहेत ते पाहणं, नकाशा, सूर्य कुठल्या बाजूला आहे, पळायची वेळ आली तर कुठे जायचं. सगळं बरोबर आहे, पण ट्रिम, म्हणजे काठी न धरताही विमान ठरल्या वेगाने चढत राहील अशी बसवणी, नसेल तर यातलं काहीच होत नाही. हात काठीवर आणि डोळे वेगाच्या काट्यावर अडकलेले असतील तर नकाशा बघणार कोण?

ट्रिमचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी थ्रॉटल आणि आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) चढाईच्या आकड्यावर आणा, कारण ताकद बदलली की ट्रिम पुन्हा बिघडतो. मग क्षितिजाच्या अंदाजाने नाक एका जागी धरा आणि 10 सेकंद थांबा. वेग उशिरा बदलतो, इथेच गडबड होते. काटा 250 वर गेला म्हणून नाक खाली, 300 झाला म्हणून वर, असं केलं की विमान शेवटपर्यंत हेलकावेच खातं. बहुतेक फायटरना चढताना 260 ते 280 किमी लागतात. वेग तिथे स्थिर झाला की ट्रिमचे दोन-तीन क्लिक, काठी थोडी सैल, पुन्हा दोन क्लिक, असं करत काठी मधोमध येऊ द्या. स्प्रिंगवाल्या जॉयस्टिकला हीच पद्धत लागू पडते. ट्रिम फिरत्या नॉबवर देऊ नका, बटणावरच द्या. नॉबमधला स्वस्त पोटेंशिओमीटर थरथरतो आणि बसवलेला ट्रिम आपोआप हलतो.

रडरकडे (पायाने चालणारं शेपटीवरचं सुकाणू) मात्र विमान बघून वळावं लागतं. स्पिटफायरमध्ये एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारा) आणि रडर, दोन्हींचा ट्रिम आहे, त्यामुळे बॉल, म्हणजे विमान तिरकं सरकतंय का ते दाखवणारी गोळी, मध्यावर आणला की काम झालं. मर्लिन इंजिनवाली स्पिटफायर नाक डावीकडे ओढते, ग्रिफनवाली उजवीकडे, कारण पंखा उलटा फिरतो. सवयीने चुकीचा पाय दाबला जातो तो इथेच. मेसरश्मिट 109 मध्ये उडताना फक्त एलिव्हेटरचाच ट्रिम मिळतो, म्हणून पूर्ण चढाईभर उजवा पाय थोडा दाबूनच ठेवावा लागतो. बॉल बाजूला गेला की विमान तिरकं सरकत राहतं आणि हवा प्रत्येक सेकंदाला थोडी थोडी उंची खाते. काट्यावर हे चटकन दिसत नाही, वर पोचल्यावर कळतं.

आता दोन ठिकाणी मत बदललं, ते सांगतो. पहिल्या तीन महिन्यांत ऑटो-क्लाइंब, म्हणजे गेमनेच विमान चढवत ठेवणं, ही गेममधली सर्वात उपयोगी सोय वाटायची. वेग बरोबर धरतो, हात मोकळे. पण तो नाकासमोर सरळ जातो आणि दोन्ही संघ एकमेकांकडे सरळच येत असतात. दोघांचा खरा वेग (वर हवा विरळ, म्हणून तो काट्यापेक्षा जास्त असतो) 320 किमी धरला तर अंतर तासाला 640 किमीने कमी होतं, म्हणजे 10 किमी संपायला 56 सेकंद. एक मिनिट यादीत डोकं घातलं की तेवढं आकाश गेलं. त्यापेक्षा सुरुवातीलाच 30 अंश बाजूला वळून चढा. पाच मिनिटांत सुमारे 26 किमी उडणं होतं, त्यातलं 22.5 किमी पुढे आणि 13 किमी बाजूला जातं. चढायचा दर तोच राहतो, गाठ उशिरा पडते आणि तोवरची जादा उंची फुकटात हाती येते. ऑटो-क्लाइंब आता फक्त नकाशा उघडण्यापुरता, 15 सेकंद.

दुसरं, पूर्ण ताकदीने चढणं. खऱ्या मर्लिन 66 इंजिनला +18 पाउंड बूस्ट (इंजिनात ढकललेल्या हवेचा जादा दाब) आणि 3000 आरपीएम 5 मिनिटांपुरते होते, चढाईसाठी +12 आणि 2850, ते एक तास. जिथे गेम इंजिनची ही वेळ मोजतो तिथे सगळी ताकद चढण्यातच उडवली तर लढाई सुरू होते तेव्हा हाती काहीच उरत नाही. म्हणून मेसरश्मिट 109 जी मध्ये 1.3 एटीए (इंजिनात जाणाऱ्या हवेच्या दाबाचं जर्मन माप) आणि 2600 आरपीएमवर चढायचं, त्याला 30 मिनिटांची मुभा आहे. जिथे फक्त तापमानाचा प्रश्न आहे तिथे पूर्ण ताकद चालेल, पण वर पोचताना इंजिन गार हवं.

सुपरचार्जरचा (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचा) गियर हाताने बदलायचा असेल, जसा मर्लिन 20 वाल्या हरिकेनमध्ये, तर वेळ उंचीवरून पाठ करू नका. बूस्ट घसरायला लागला की दुसरा गियर टाकून बघा, बूस्ट वाढला तर ठेवा.

ट्रिम बसल्यावर डोळ्यांचं काम. चढताना नाकाखालचं आकाश दिसतच नाही. दर 30 सेकंदांनी 20-25 अंश डावीकडे झुका, खाली आणि मागे बघा, मग उजवीकडे. उंची नगण्य जाते. शेपटीमागची खालची बाजू प्रत्येक वेळी बघायची, कारण चढणाऱ्या विमानाला गाठणारा तिथूनच येतो.

शेवटचा अर्धा मिनिट चढू नका. 5000 मीटरवर काटा 270 दाखवतो तेव्हा खरा वेग साधारण 350 असतो. तो 500 वर न्यायला सुमारे 500 मीटर उंची मोडावी लागते. म्हणून ठरवलेल्या उंचीच्या 500 मीटर वर जा, हलक्या उताराने खाली या आणि ट्रिम पुन्हा बसवा, नाहीतर वेग वाढताच नाक आपोआप वर उठेल आणि पहिली फैर वरून जाईल.

हॅट स्विच अजून बदललेला नाही. खाली-मागे बघायचं आता अंगठ्याजवळच्या साध्या बटणावर दिलंय आणि ट्रिमची दोन बटणं तर्जनीजवळ, म्हणजे दोन्ही कामं एकाच वेळी करता येतात.