‘कसंतरी होतंय’ला हिंदीत काय म्हणतात? चौदा सेशन्स, चार स्टार

आधीच सांगते, पॅनिक अटॅकसाठी ज्या सायकॉलॉजिस्ट मॅडमकडे गेले त्यांच्या क्लिनिकचं नाव लिहीत नाहीये, पुढे दोन-चार तक्रारी पण आहेत आणि त्या मॅडमचं नुकसान व्हावं असं मला अजिबात वाटत नाही. इंदूरलाच आहे, पलासियाच्या बाजूला, तिसऱ्या मजल्यावर. तिसरा मजला हे लक्षात ठेवा, त्यावर नंतर येते.

मला काय झालं होतं ते आधी. नणंदेच्या मुलीच्या लग्नाच्या साड्या घ्यायला शीतलामाता बाजारात गेलो होतो, मी, सासूबाई आणि नणंद. गादीवर बसलोय, तो माणूस साडीवर साडी उघडतोय, एसी चालू, चहा आलाय, सगळं ठीक, आणि एकदम छातीत असं धडधडायला लागलं की वाटलं बाजूच्या बाईला पण ऐकू जात असेल. बोटं झिणझिणायला लागली, ओठ बधिर, आवाज कुठून तरी लांबून यायला लागले आणि मनात एकच, की झालं, आपण आता इथेच जातो, या महेश्वरीच्या ढिगावर. चपला न घालता बाहेर पळाले मी. नणंद मागून चपला घेऊन.

दवाखान्यात ईसीजी नॉर्मल, रक्त नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल. घरी आल्यावर सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या, काकांनी फोनवर गॅसचं निदान केलं, आणि कोणीतरी कागदी पिशवीत श्वास घ्यायचा व्हिडिओ पाठवला, तसं करू नका हे मला फार नंतर कळलं, कारण खरंच हार्टचं किंवा दम्याचं काही असेल तर ते महागात पडू शकतं. तीन महिन्यांत चार ईसीजी झाले. चौथ्या वेळेला ईसीजी काढणारा मुलगा म्हणाला, ‘आंटी, आप फिर आ गए?’ लाज वाटली पण त्याचं काही चुकलं नव्हतं.

आता यात खरी गंमत अशी की अटॅक मला मोजून सात-आठच आले असतील. आयुष्य खाल्लं ते अटॅकच्या भीतीनं. आधी राजवाड्याची बाजू सुटली. मग सिटी बस, मग खजरान्याचं गणपतीचं देऊळ, मग सियागंजचं ऑफिस, मी तिथे एका होलसेलवाल्याकडे अकाउंट्स बघते, शेठ चांगला म्हणून टॅलीचं काम घरी दिलं. मग नंदलालपुऱ्याची भाजी बंद. शेवटी आमच्या सुदामा नगरच्या गल्लीच्या कोपऱ्यावरचं साँचीचं पार्लर, जिथे मी वीस वर्षं दूध आणलं, तिथे पण मुलीला पाठवायला लागले. घरचे आपले प्रेमानं ‘राहू दे, तू नको जाऊस’ म्हणायचे आणि त्या प्रेमानंच दार आणखी घट्ट बंद होत गेलं, हे मी आता म्हणतेय, तेव्हा बरंच वाटायचं.

एका रात्री दोन वाजता 14416 ला फोन लावला, तो सरकारचा टेली मानसचा नंबर, फुकट आहे, चोवीस तास. तिथल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं, हे पॅनिक अटॅकसारखं वाटतंय असं पहिल्यांदा त्या बोलल्या, आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट शोधा, आरसीआयचं (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) रजिस्ट्रेशन आहे का ते विचारून घ्या म्हणाल्या. तसं या मॅडमपर्यंत पोचले.

तर आता लिफ्ट. घराबाहेर पडायची आणि अडकायची भीती असलेल्या लोकांचं क्लिनिक तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट म्हणजे जाळीच्या दाराची, दोन माणसं आणि एक डबा मावेल एवढी, मध्येच हिसका देते. जिना आहे पण अंधारा. मी पहिल्या दिवशी आमच्या ह्यांच्याबरोबर कारमधून खाली पोचले आणि ती लिफ्ट बघून परत कारमध्ये जाऊन बसले, म्हंटलं अहो चला घरी. ह्यांनी वर फोन केला. पाच मिनिटांनी मॅडम स्वतः खाली आल्या, कारच्या मागच्या सीटवर माझ्या बाजूला बसल्या आणि पहिलं अख्खं सेशन तिथेच केलं, बाहेर हॉर्न वाजतायत, हे बिचारे उन्हात उभे. चारपैकी दोन स्टार तर याचेच समजा.

मॅडमना मराठी येत नाही, हिंदीत चालतं सगळं. आम्हा इंदूरवाल्यांना त्याचं काय, आमची मराठी पण अर्धी हिंदीच आहे असं पुण्याचे नातेवाईक म्हणतातच. पण काय होतंय असं विचारल्यावर मी म्हंटलं ‘कसंतरी होतं’, आणि अडकले. हिंदीत काय सांगू? घबराहट? नाही, घबराहट वेगळी. अजीब सा लगता है? ते पण नाही. कसंतरी म्हणजे कसंतरीच. मॅडमनी मला सोडलंच नाही, म्हणे या एका शब्दात काय काय भरलंय ते एकेक बाहेर काढा. मग वहीवर लिहिलं. बोटं झिणझिणतात. छाती धडधडते. श्वास पुरत नाही. पायातलं त्राण जातं. घाम. आजूबाजूचं खरं वाटत नाही. आणि शेवटचं, आता मी मरणार किंवा वेडी होणार. मॅडमनी शेवटच्या ओळीखाली रेघ मारली आणि म्हणाल्या, वरच्या सहा गोष्टी शरीरात होतात, ही सातवी तुम्ही त्यात घालता. मी किती वेळ त्या रेघेकडे बघत बसले होते.

मग त्यांनी जे समजावलं ते माझ्या शब्दांत लिहिते. शरीरात एक अलार्म असतो, वाघ दिसला की पळायला. तो कधी कधी वाघ नसताना वाजतो. वाजला की हृदय जोरात, श्वास भराभर, आणि भराभर श्वासानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यानंच झिणझिण्या आणि गरगरणं. मला वाटायचं ऑक्सिजन कमी पडतोय! आणि मी अजून जोरात श्वास घ्यायचे. अटॅक साधारण दहा मिनिटांत टोकाला जातो आणि मग उतरायला लागतो, शरीराला तो भर तसाच चालू ठेवता येत नाही. चक्कर येऊन पडायची भीती सगळ्यांना, पण बेशुद्ध पडायला बहुतेक वेळा बीपी खाली यावं लागतं, आणि पॅनिकमध्ये ते वर गेलेलं असतं. डेव्हिड क्लार्क म्हणून इंग्लंडचे एक मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी 1986 मध्ये हे चक्र मांडलं, की धडधडीचा अर्थ आपण ‘हार्ट अटॅक’ असा लावतो, त्यानं भीती वाढते, भीतीनं धडधड वाढते, आणि फिरत राहा गोल. घराबाहेरच्या भीतीला अगोराफोबिया म्हणतात, हे नाव 1871 मध्ये वेस्टफाल नावाच्या जर्मन डॉक्टरनी दिलं, त्यांच्या पेशंट लोकांना मोकळे चौक ओलांडता यायचे नाहीत. अगोरा म्हणजे ग्रीकमध्ये बाजार. मी म्हंटलं, मॅडम, मग माझा तर अगदी पुस्तकातला, शीतलामाता बाजारातच सुरू झाला.

तिसऱ्या सेशनला त्यांनी मला ऑफिसच्या खुर्चीवर बसवून गोल गोल फिरवलं. एक मिनिट. मग नाक धरून नारळपाण्याच्या स्ट्रॉमधून श्वास. मग जागच्या जागी धावणं. मी मनात म्हणतेय, एका सेशनचे दीड हजार रुपये आणि ही बाई मला जत्रेतल्या पाळण्यासारखी फिरवतेय. पण मुद्दा असा की गरगरणं, धडधड, श्वास कमी पडणं हे सगळं मुद्दाम आणायचं, आणि मेलो नाही हे स्वतःच बघायचं. घरी रोज करायचं होतं. माझी मुलगी मला खुर्चीवर फिरवायची आणि खदाखदा हसायची, त्या घरात कितीतरी दिवसांनी कोणी माझ्या अटॅकवर हसलं.

खरं काम म्हणजे होमवर्क. सेशन्स तर आठवड्याला पाऊण तास. मुलीच्या जुन्या गणिताच्या वहीत शिडी काढली, खालची पायरी गल्लीच्या टोकापर्यंत जाणं, वरची पायरी सराफा, म्हणजे रात्री भरणारा खाण्यापिण्याचा बाजार, रात्री दहा वाजता, एकटी. प्रत्येक वेळी निघायच्या आधी लिहायचं ‘मला वाटतं काय होईल’ आणि परत आल्यावर ‘काय झालं’. माझी एक नोंद अशी आहे: ‘साँचीवर चक्कर येऊन पडेन, लोक जमतील.’ खाली: ‘पडले नाही. त्याच्याकडे सुट्टे नव्हते, दहा रुपये ठेवून घेतले.’ नियम एकच, भीती टोकावर असताना पळायचं नाही, कारण तेव्हा पळालं की डोक्याला वाटतं, बघ, पळालो म्हणून वाचलो. थांबायचं. फक्त थांबायचं. हे लिहायला सोपं आहे, पहिल्यांदा त्या पार्लरच्या काउंटरला मी इतकी घट्ट धरून उभी होते की दूधवाला म्हणाला, भाभी तबियत ठीक है ना?

सहाव्या सेशनला मी मिरवतच गेले, राजवाड्याला जाऊन आले, ऑटोनं, एकटी! मॅडम म्हणाल्या, पर्स उघडा. पर्समध्ये काय काय निघालं बघा: पाण्याची बाटली, ग्लुकोजचा पुडा, क्लोनाझेपामची, म्हणजे घबराटीवरच्या गोळ्यांची, पट्टी, कांदा, हो कांदा, कोणीतरी सांगितलेलं की चक्कर आली तर हुंगायचा, आणि प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये शेवटचा ईसीजी. म्हणाल्या, राजवाड्याला तुम्ही गेलात की ही पर्स गेली? मला राग आला. खूप राग आला, दोन दिवस वही उघडली नाही. पण बरोबर होतं त्यांचं. मग दर आठवड्याला एक वस्तू घरी ठेवायची. कांदा सोपा गेला. बाटली सगळ्यात अवघड, भर मे महिन्यात पाण्याशिवाय निघायला कोण सांगतं असं मी भांडले, तर म्हणाल्या तहानेसाठी वाटेत विकत घ्या, भीतीसाठी नेऊ नका. ईसीजी शेवटी गेला.

मध्ये एकदा सपशेल आपटले. मुलीच्या शाळेत पेरेंट्स मीटिंग होती, हॉलमध्ये मधल्या रांगेत बसले, आणि दहाव्या मिनिटाला दोन बायकांचे पाय तुडवून बाहेर. मुलीनं बघितलं. त्या दिवशी वाटलं परत शून्यावर आलो. मॅडमनी पुढच्या वेळी एवढंच विचारलं की आधी काय लिहिलं होतं वहीत? काहीच लिहिलं नव्हतं, मी गृहीत धरलं होतं की आता मी बरी झाले. त्याच हॉलमध्ये पंधरा दिवसांनी गॅदरिंगला जाऊन बसले, मुद्दाम मधल्याच रांगेत. अटॅक आला. बसून राहिले. तो गेला. मुलीचा डान्स मात्र नीट बघितलाच नाही, मी घड्याळ बघत होते.

औषधाबद्दल लोक विचारतात. क्लिनिकमध्ये औषध देत नाहीत, त्यासाठी सायकायट्रिस्ट वेगळे, मॅडमनीच चिठ्ठी दिली. मला एस्सिटालोप्राम चालू झालं, त्याचा गुण यायला काही आठवडे जातात, सुरुवातीला मला उलट जास्तच घाबरल्यासारखं व्हायचं, हे आधी सांगून ठेवलं होतं म्हणून टिकले. मनानं बंद करायचं नाही, डॉक्टर सांगतील तसं हळूहळूच. आणि क्लोनाझेपाम, जे मला शेजारच्या केमिस्टच्या ओळखीनं मिळत होतं, ते लगेच बरं वाटवतं म्हणूनच त्याची सवय लागते, ते डॉक्टरनी पद्धतशीर कमी करत बंद केलं. पैशाचा प्रश्न असेल तर बाणगंगेला सरकारी मानसिक रुग्णालय आहे, नावाला घाबरू नका, ओपीडीत माझ्यातुमच्यासारखीच माणसं असतात, मी फॉलोअपला एकदा जाऊन आलेय.

आता तक्रारी. रिसेप्शनवरची मुलगी नाव आणि त्रास दोन्ही मोठ्यानं विचारते, सगळ्यांसमोर, माझ्या वेळेला समोर आमच्या सोसायटीतलेच एक काका बसलेले, त्यांनी पेपर वर केला आणि मी मोबाइलमध्ये घुसले, नंतर लक्षात आलं की ते पण तिथेच आलेत ना. अपॉइंटमेंट पाचची, आत घेतात पावणेसहाला. वेटिंगला खिडकी नाही. रविवारी बंद, म्हणजे नोकरीवाल्यांची पंचाईत. घरी द्यायचे कागद सगळे इंग्लिशमध्ये, सासूबाईंना समजावून सांगायला मी स्वतः मराठीत लिहिले. चौदा सेशन्सचे एकवीस हजार झाले, इन्शुरन्सवाल्यांनी ओपीडी कव्हर नाही म्हणून हात वर केले, तेव्हा पॉलिसी आधी वाचून घ्या.

सराफा? केला. डिसेंबरात, रात्री साडेदहाला, एकटी. ह्यांना राजवाड्याशी थांबायचं पण नाही असं सांगितलं होतं. गर्दी एवढी की मागचा माणूस आपल्याला चालवतो. गराडूच्या, म्हणजे तळलेल्या कंदाच्या, ठेल्याशी पोचले आणि आलं, पायातून वर, नेहमीसारखं. वही नव्हती, मनातच म्हंटलं, बोटं, छाती, श्वास, पाय, घाम, सगळे आले, बसा. गराडूवाला वरून घालायच्या मसाल्याचं विचारत होता, जीरावन ज्यादा? मी म्हंटलं ज्यादा. हात थरथरत होता म्हणून थोडं साडीवर सांडलं, तो पिवळा डाग गेला नाही अजून. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उडवत निघणारी मिरवणूक, मात्र मी टीव्हीवरच बघणार, ती मला अटॅक यायच्या आधी पण आवडायची नाही.

मॅडमना पाच, बाकी क्लिनिकला तीन, म्हणून चार. लिफ्टनं शेवटचे पाच-सहा वेळा मी एकटीच गेले, जाळीचं दार दोन्ही हातांनी ओढून लावावं लागतं, नाहीतर हलत नाही. पार्किंग नाहीच, स्कूटर मागच्या गल्लीत लावा.