आधी कमिशन आलं, मग पैसे गेले

ज्या ऑनलाइन कोर्सने मला फसवलं, त्याचं पहिलं कमिशन खरंच आलं होतं. बँकेचा मेसेज आला, पैसे खात्यात दिसले, काढताही आले. हे आधीच सांगून टाकतो, कारण ऑनलाइन फसवणूक म्हटलं की लोकांना वाटतं, पैसे घेतले आणि नंबर बंद केला. तसं करणारे भुरटे वेगळे. ज्यांना हाच धंदा वर्षानुवर्षं चालवायचा असतो ते सुरुवातीला पैसे देतात, तेही वेळेवर. त्या पहिल्या कमिशनचा स्क्रीनशॉट आपण स्वतःहूनच चार जणांना दाखवणार, हे त्यांना ठाऊक असतं.

जाहिरात नेहमीचीच. मोबाइलवरून अफिलिएट मार्केटिंग (दुसऱ्याचा माल आपल्या लिंकवरून विकून कमिशन मिळवणं), अनुभवाची गरज नाही, वेबिनार मोफत. वेबिनारमध्ये बराच वेळ एक तरुण आपली कर्मकहाणी सांगत होता: घरची परिस्थिती, नोकरीतला अपमान, मग एक दिवस ‘सिस्टिम’ सापडली. शेवटी स्क्रीनच्या कोपऱ्यात उलटं घड्याळ सुरू झालं आणि कोर्सची फी ‘फक्त आजच्या रात्रीपुरती’ निम्म्यावर आली. ते घड्याळ मी नंतर मुद्दाम तपासलं. पान बंद करून पुन्हा उघडलं की ते पुन्हा तेवढ्याच मिनिटांवरून धावायला लागतं. पैसे भरायच्या आधी कोणी तपासत नाही, एवढंच.

खरं अफिलिएट मार्केटिंग कसं चालतं ते इथे सांगायला हवं, कारण या मंडळींचं सगळं कसब खऱ्या धंद्याचं नाव आणि त्याच्या खऱ्या अटी उसन्या घेण्यात आहे. ॲमेझॉनने आपला असोसिएट्स प्रोग्राम १९९६ साली सुरू केला आणि ही पद्धत जगभर पसरली. तिथे तुम्हाला तुमच्या नावाची लिंक मिळते. तुमच्या लेखातून, व्हिडिओतून कोणी त्या लिंकवर गेलं आणि २४ तासांत काही विकत घेतलं, तर किमतीचा काही भाग तुम्हाला मिळतो. बहुतेक वस्तूंवर हा भाग एक आकडी टक्क्यांचाच असतो, कारण तो विक्रेत्याच्या नफ्यातून निघतो आणि तो नफाच तेवढा नसतो. गिऱ्हाइकाने वस्तू परत केली की कमिशनही परत जातं. स्वतःच्या लिंकवरून स्वतःच खरेदी केली तर काही मिळत नाही. पहिल्या १८० दिवसांत तीन विक्रीसुद्धा झाल्या नाहीत तर खातं बंद होतं. महिना संपल्यावर साधारण ६० दिवसांनी पैसे हातात पडतात. आणि सामील व्हायला काहीही फी नाही. हे सगळं वाचून तुम्हाला कंटाळा आला असेल तर बरोबर आहे; खरा धंदा असाच कंटाळवाणा आहे. २०२० च्या एप्रिलमध्ये ॲमेझॉनने अमेरिकेत अनेक प्रकारच्या वस्तूंचे दर एकदम खाली आणले, तेव्हा वर्षानुवर्षं प्रामाणिकपणे संकेतस्थळं चालवणाऱ्या लोकांचंही उत्पन्न एका झटक्यात पडलं.

आता आमच्या ‘सिस्टिम’कडे वळू. तिथे कमिशन होतं ८० टक्के. नुसत्या या आकड्यावरून फसवणूक ओळखता येत नाही, हेही लक्षात ठेवा. सॉफ्टवेअर किंवा ई-बुक यांची दुसरी प्रत काढायला खर्च येत नाही, त्यामुळे अशा मालावर निम्म्याहून जास्त कमिशन देणारे रीतसर धंदे आहेत. टक्का बाजूला ठेवा आणि माल काय आहे ते बघा. आमचा माल म्हणजे तोच कोर्स, जो मी घेतला होता. अफिलिएट मार्केटिंग शिकवणारा कोर्स, ज्याच्या पहिल्या तीन-चार व्हिडिओंत मानसिकता, मोठी स्वप्नं आणि पहाटे उठण्याचे फायदे, आणि पुढे हाच कोर्स दुसऱ्याला कसा विकायचा याचं प्रशिक्षण. त्या कोर्सला असं एकही गिऱ्हाईक मला आढळलं नाही, ज्याला तो विकून पैसे कमवायचे नव्हते. साबण विकणाऱ्याच्या साखळीच्या शेवटी कोणीतरी अंघोळ करतो. इथे शेवटी कोणीच नव्हतं.

हिशोब कागदावर मांडून बघा. ८० टक्के कमिशन असेल तर एका विक्रीत भरलेली फी सुटत नाही, दोन विक्री कराव्या लागतात. म्हणजे प्रत्येकाने दोन माणसं आणायची. एकाखाली दोन, दोनांखाली चार, चारांखाली आठ. पहिल्या माणसापासून वीस थर खाली उतरलं की त्या थरात दहा लाखांहून जास्त माणसं लागतात. ते राहू द्या, माणसं अमर्याद आहेत असं धरून चला. तरीही साखळी जिथे कुठे थांबेल तिथे शेवटच्या थरातली माणसं ही वरच्या सगळ्या थरांतल्या माणसांच्या बेरजेपेक्षा एकाने जास्तच असतात. वर एक, दोन, चार मिळून सात, तर खाली आठ. याचा अर्थ, प्रत्येकाने मन लावून काम केलं, कोणीही आळस केला नाही, तरी निम्म्याहून अधिक लोकांचं नुकसान ठरलेलंच आहे. ‘तू मेहनत कमी घेतलीस’ हे वाक्य तुम्हाला ऐकवलं जाईल तेव्हा हा हिशोब काढा.

माझ्या पहिल्या कमिशनचं गुपित मला फार उशिरा कळलं. मी कोणालाच आणलं नव्हतं. साखळीत माझ्या वर असलेले मेंटॉर (मार्गदर्शक) म्हणाले, ‘सर, तुमची सुरुवात व्हायला हवी, मी माझा एक लीड तुमच्या लिंकखाली टाकतो.’ लीड म्हणजे कोर्स घेऊ पाहणारा माणूस. टाकला. पैसे आले. त्या अनोळखी माणसाशी पुढे ग्रुपमधून ओळख झाली, तेव्हा कळलं की त्यालाही असाच एक लीड ‘भेट’ मिळाला होता. पैसे आमचेच, एकाच्या खिशातून निघून थोडे दुसऱ्याच्या खिशात, आणि जाता जाता वाटेत कंपनीचा वाटा. या एका भेटीमुळे माणूस संशय घ्यायचा थांबतो. चांगला विचार करणारी, हिशोबी माणसंसुद्धा थांबतात, कारण पुरावा त्यांच्या पासबुकातच असतो.

त्यानंतर लगेच पॅकेजचा, म्हणजे कोर्सच्या चढत्या किमतीच्या प्रकारांचा, विषय निघाला. नियम असा: जे पॅकेज तुम्ही स्वतः घेतलंय त्याच्याच विक्रीवर तुम्हाला कमिशन. वरचं पॅकेज तुमच्या लिंकवरून विकलं गेलं आणि तुमच्याकडे ते नसेल, तर कमिशन तुमच्या वरच्या माणसाला. मग एके दिवशी मेंटॉरचा घाईघाईने फोन येतो, की एक पार्टी मोठ्या पॅकेजसाठी तयार आहे, तुमच्याच लिंकवर आहे, तुम्ही आज रात्री अपग्रेड केलं नाही तर तुमचं कमिशन नाइलाजाने मला घ्यावं लागेल. किती साळसूदपणे सांगतात! मी अपग्रेड केलं. पार्टी दोन दिवसांनी ‘घरच्या अडचणीमुळे’ मागे गेली. पुढे अशा पार्ट्यांचे किस्से मी इतक्या जणांकडून ऐकले की सगळ्यांच्या घरी एकाच आठवड्यात अडचण कशी येते याचं नवल वाटावं.

हा नियम कोणा गल्लीतल्या माणसाच्या डोक्यातून आलेला नाही. अमेरिकेत माय ऑनलाइन बिझनेस एज्युकेशन नावाची कंपनी होती. ४९ डॉलर भरून तिच्या २१ पायऱ्यांच्या ‘सिस्टिम’मध्ये प्रवेश मिळायचा. पायऱ्या चढता चढता हजारो डॉलरच्या सभासदत्वांचा मारा सुरू व्हायचा, आणि कमाईची युक्ती म्हणजे हीच सभासदत्वं आधी स्वतः घेऊन मग दुसऱ्यांना विकणं. ग्राहकांचं हित पाहणाऱ्या तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने २०१८ मध्ये तिच्यावर दावा दाखल केला. लोकांचे साडेबारा कोटी डॉलरहून जास्त बुडाले असा त्यांचा आरोप होता. बहुतेकांच्या पदरी तोटा किंवा कर्ज आलं होतं. याच संस्थेने १९७५ साली कॉस्कॉट नावाच्या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीच्या प्रकरणात जी कसोटी लावली ती आजही वापरली जाते: माणूस पैसे भरून माल विकण्याचा हक्क विकत घेतो, आणि सोबत नवी माणसं भरती करून मोबदला मिळवण्याचा हक्क, ज्याचा खऱ्या गिऱ्हाइकाला होणाऱ्या विक्रीशी संबंध नसतो. हे दोन्ही आढळलं की ते पिरॅमिड, म्हणजे नव्या भरतीच्या पैशांवर चालणारी साखळी. नाव अफिलिएट ठेवा, पार्टनर ठेवा, नाहीतर लीडर.

विक्रीचं प्रशिक्षण हा या सगळ्यातला सर्वांत किळसवाणा भाग. त्याची लिखित स्क्रिप्ट मिळते. समोरचा म्हणाला, ‘पैसे नाहीत,’ तर म्हणायचं, ‘म्हणूनच तर तुम्हाला याची गरज आहे.’ बाई म्हणाली, ‘नवऱ्याला विचारून सांगते,’ तर म्हणायचं, ‘ताई, स्वतःच्या आयुष्याचा निर्णय तुम्ही कधी घेणार?’ म्हणाला, ‘विचार करतो,’ तर गप्प बसायचं. शांतता त्यालाच असह्य होऊन तो बोलेल. नात्यातल्या आणि ओळखीतल्या शंभर जणांची यादी करायला लावतात. रोज स्टोरी टाकायची, कमाई झाली असो वा नसो. कमाई नसेल तर टीममधल्या दुसऱ्याचा स्क्रीनशॉट ‘आमच्या टीमची आजची कमाई’ म्हणून. ब्राउझरमध्ये कोणत्याही पानावरचा आकडा हवा तसा बदलून फोटो काढता येतो, हे काम दहा सेकंदांचं आहे आणि आमच्या ग्रुपमध्ये ते उघडउघड चालायचं. तेव्हा दुसऱ्याच्या कमाईचा फोटो हा पुरावा नव्हे. अगदी स्वतःच्या डॅशबोर्डवरचा आकडासुद्धा नव्हे, कारण ते पान त्यांचं, आकडा टाकणारेही तेच.

माझ्या डॅशबोर्डवर पुढे बरीच रक्कम दिसत होती, पण ‘पेंडिंग’. आधी कारण आलं की रिफंडची मुदत संपेपर्यंत होल्ड आहे. हे पटतं, कारण खऱ्या प्रोग्राममध्येही असा होल्ड असतो. मग किमान पेआउटची मर्यादा वाढली. मग खातं ‘निष्क्रिय’ ठरलं आणि ते सुरू ठेवायला मासिक शुल्क आलं. एक साधी खूण सांगतो: खरा प्रोग्राम तुमचे पैसे द्यायला उशीर करेल, कापेल, नाकारेलसुद्धा, पण तुमचेच पैसे सोडवायला तुमच्याकडून आणखी पैसे भरायला सांगणार नाही. शुल्क असेल तर ते तुमच्या जमा रकमेतून कापून घ्या, असं लेखी कळवा. मी कळवलं. उत्तर आलं की ‘सिस्टिममध्ये तशी सोय नाही.’

रिफंडच्या अटी वाचण्यासारख्या होत्या. सगळे व्हिडिओ पाहून सगळे टास्क पूर्ण केल्याचा पुरावा हवा, तरच रिफंड. आणि चौथ्या पानावर, कोर्सचा ठरावीक भागापेक्षा जास्त वापर झाला असेल तर रिफंड नाही. दोन्ही अटी एकत्र पाळणारा माणूस अजून जन्मायचाय. मी हे ग्रुपवर विचारलं. तासाभरात मला ग्रुपमधून काढलं आणि संध्याकाळी लॉगिन बंद झालं.

इथे एक गोष्ट कामी आली. विचारण्याआधी मी चॅट एक्स्पोर्ट केले होते, डॅशबोर्डचं स्क्रीन रेकॉर्डिंग केलं होतं, अटींचं पान जपून ठेवलं होतं. तुम्ही अशा ठिकाणी अडकला असाल तर भांडायच्या आधी हे करा. भांडणानंतर तुमच्याकडे पाहायला काहीच उरत नाही, आणि अटींचं पान बदललेलं असतं. पॅकेजचे पैसे कार्डाने भरले होते, त्यामुळे बँकेकडे चार्जबॅकचा, म्हणजे कार्डाने भरलेली रक्कम बँकेमार्फत परत मागण्याचा, अर्ज करता आला. त्याला मुदत असते, ‘अजून थोडी वाट बघा सर’ हे मेंटॉर नेमकं ती उलटावी म्हणूनच सांगत राहतात. अर्जात ‘फसवलं’ एवढंच लिहून भागत नाही. काय देऊ म्हणाले, काय दिलं नाही, रिफंड कधी मागितला, उत्तर काय आलं, हे तारखेनिशी लागतं. ती रक्कम परत मिळाली. सुरुवातीची फी मात्र ‘पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे भरायची सोय) बंद आहे’ म्हणून एका माणसाच्या वैयक्तिक खात्यात टाकायला लावली होती. ती गेली. सायबर पोलिसांकडे तक्रार नोंदवलेली आहे.

तक्रारीनंतर थोड्याच दिवसांत एका गृहस्थांचा फोन आला. बुडालेले पैसे मिळवून देतो, म्हणे. त्यांना माझं नाव, कोर्सचं नाव, रक्कमसुद्धा माहीत होती. अशा याद्या विकल्या जातात, किंवा विकणारे आणि वसूल करून देणारे एकाच खोलीत बसलेले असतात. आगाऊ दहा टक्के ‘प्रोसेसिंग’ मागत होते. मी म्हटलं, वसूल झाल्यावर वीस टक्के कापून घ्या. तर म्हणाले, आधी मोबाइलवर एक ॲप टाका, स्क्रीन शेअर करा, फाइल तपासतो. ते ॲप टाकलं असतं तर पुढचा ओटीपी त्यांनी माझ्याआधी वाचला असता. त्यांचे फोन अजूनही येतात, दर वेळी नव्या नंबरवरून, आणि प्रोसेसिंगचा दर आता पाच टक्क्यांवर आलाय.