पवना, भंडारदरा की नागाव? चिल्लीपिल्ली घेऊन टेंटमध्ये राहायचं तर

चार कुटुंबं, सहा मुलं, त्यातली दोन अजून डायपरमध्ये. अर्धी मंडळी घोडबंदर रोडला, अर्धी खारघर-नेरुळला. अशा ग्रुपवर 'यंदा टेंटमध्ये राहूया' असा मेसेज पडला की तासाभरात तीन नावं येतात: पवना, भंडारदरा, नाहीतर अलिबागकडचा एखादा किनारा. मागोमाग फोटोही येतात. त्यांचा उपयोग शून्य, कारण तिन्हीकडचे फोटो संध्याकाळी साडेसहाचे असतात आणि पोरांवाल्यांची परीक्षा रात्री साडेनऊला सुरू होते. म्हणून खालची तुलना रात्रीवरून केली आहे. जेवण किती वाजता मिळतं, शू लागली तर अंधारात किती चालायचं, शेजारच्या टेंटमध्ये कोण असतं आणि पोर तापलं तर गाडी कुठे न्यायची?

(येऊर कुणीतरी सुचवतंच. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कुशीत आहे, बिबट्यांचं घर आहे. सकाळी फिरायला उत्तम, रात्रीच्या टेंटसाठी विषय नको.)

आधी रस्ता, कारण ग्रुप दोन शहरांत विभागला की वाद इथेच होतो. पवना ठाण्याहून शंभर किलोमीटरच्या आसपास, खारघरकरांना त्याहून कमी. मात्र शनिवारी सकाळी एक्सप्रेसवेला अख्खी मुंबई तुमच्या सोबत निघालेली असते. भंडारदरा ठाण्याहून दीडशेच्या घरात. पण समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये खुला झाला आणि ठाणेकरांचं गणित बदललं. भिवंडीजवळ आमण्याला चढायचं, इगतपुरीला उतरायचं, तिथून घोटीमार्गे भंडारदरा. कसारा घाटाची वळणं टळतात. ज्यांच्या मुलांना गाडी लागते, त्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको. घाटाच्या जागी जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा लागतो, त्यात मागच्या सीटवरची आरडाओरड फुकटची करमणूक. अलिबागजवळच्या नागावला जायला पनवेल-पेण-वडखळ हा रस्ता नवी मुंबईकरांच्या दारातूनच जातो. ठाणेकरांनी पहाटे निघावं, नाहीतर वडखळच्या आधीच खाऊ संपतो.

आता रात्र. पवन्याला धरणाच्या काठाकाठाने कॅम्पसाइट एकमेकींना चिकटून आहेत. पॅकेज बहुतेक सगळीकडे सारखंच असतं: दुपारी चारनंतर प्रवेश, सातच्या सुमारास बार्बेक्यू, नऊनंतर जेवण, मग शेकोटी आणि स्पीकर. तुम्ही कितीही शांत साइट निवडा, पाण्यावरून आवाज येतोच, आणि शनिवारी पलीकडची मंडळी ऑफिसची पार्टी करायला आलेली असतात. त्यात त्यांची काही चूक नाही, जागाच तशी झाली आहे. तीन वर्षांचं मूल साडेआठला पेंगतं. चिकन तंदुरीचे दोन तुकडे खाऊन झोपलेलं पोर रात्री दोनला भुकेने उठतं, तेव्हा स्वयंपाकघराला कुलूप असतं.

पण हेच पवना रविवारी संध्याकाळी पाहा. सगळे चेकआउट करून गेलेले, काठ मोकळा, दर उतरलेला. मुलं अजून शाळेत जात नसतील तर सोमवारची रजा टाकून रविवारी जाणं हाच पवन्याचा खरा मोसम. दुसऱ्या दिवशी तिथून लोहगड जवळ आहे. युनेस्कोच्या यादीत 2025 मध्ये आलेल्या बारा किल्ल्यांपैकी हा एक, आणि पायऱ्यांमुळे सहा-सात वर्षांच्या मुलांनाही झेपतो. तिकोना थोड्या मोठ्या मुलांसाठी, तुंग मात्र राहू द्या. पाण्याबद्दल एकच सांगतो: हे धरण आहे, तलाव नाही. काठाला गाळ असतो आणि खोली एकदम वाढते. पोहता येणारी धडधाकट माणसंही इथे बुडाली आहेत. अगदी पाण्याला टेकून टेंट लावणारी साइट फोटोत देखणी दिसते, पण सहा मुलांच्या ग्रुपने वरच्या टप्प्यावरची, मध्ये कुंपण असलेलीच घ्यावी.

भंडारदऱ्याची रात्र वेगळी असते. प्रवरेवरचं विल्सन धरण 1926 साली पुरं झालं. त्याच्या जलाशयाभोवती गावातल्या घरांनी आपल्या खाचरांत लावलेले टेंट बरेच आहेत. घरचीच बाई रांधत असते, त्यामुळे 'मुलांसाठी सातलाच वरणभात लागेल, तिखट नको' हे फोनवर सांगितलं की होतं. मोठ्यांना पिठलं-भाकरी किंवा गावठी कोंबडी. आवाज कमी, चांदण्या भरपूर. रतनवाडीचं अमृतेश्वराचं मंदिर मुलांना कंटाळा यायच्या आत बघून होतं आणि बाहेर पळायला जागा मिळते.

अडचणी दोन. डिसेंबर-जानेवारीतली थंडी इथे खरोखरची थंडी असते. ठाण्यातल्या मुलाकडे जो 'जाड स्वेटर' असतो, तो इथे पहाटे तीनला पुरत नाही. टेंटमधली गादी जमिनीचा गारवा अडवत नाही, म्हणून खाली घालायला घरून एक-दोन जाड सतरंज्या न्याव्यात. दुसरी अडचण दवाखान्याची. साध्या तापाला जवळपास सोय होईल, पण मुलांचा डॉक्टर हवाच असेल तर नाशिक किंवा संगमनेर गृहीत धरा. दमा असलेलं, नेब्युलायझर लागणारं मूल सोबत असेल तर माझं मत सरळ नको असं आहे, कारण वीज गेली की रात्र लांबते.

काजव्यांचं काय? मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत काजवे दिसतात आणि तेव्हा भंडारदऱ्याचे अरुंद रस्ते गाड्यांनी भरतात. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा, त्यामुळे वनखात्याचे नियम पाळावेच लागतात. काजवे बघायचे तर टॉर्च बंद, बोलणं बंद. चार वर्षांच्या मुलाला अंधारात गप्प उभं करून बघा. त्यापेक्षा काजवे मुलं आठ-नऊची झाल्यावर आणि पहिला टेंट नोव्हेंबरात.

नागावचा मुद्दा समुद्र नाहीच. मुद्दा असा की तिथे नारळी-पोफळीच्या वाडीत मालकाचं घर असतं, दोन-तीन खोल्या असतात आणि अंगणात टेंटही लावून मिळतात. ज्यांचं बाळ सहा महिन्यांचं आहे त्यांनी खोली घ्यावी, बाकीच्यांनी टेंट. पहाटे तीनला टेंटमधल्या मुलाने 'घरी जायचं' म्हणून भोकाड पसरलं की दहा पावलांवर पंखा, पलंग आणि कमोड आहे. पवन्याला आणि भंडारदऱ्यालाही अशी जागा शोधून सापडते, इथे ती सहज मिळते. शिवाय जिल्हा रुग्णालय अलिबागला, म्हणजे गाडीने थोड्याच वेळात. पोरांसोबत जाताना नुसत्या या एका गोष्टीवर मी नागावला झुकतं माप देतो.

कोकणात त्याचं कारणही आहे. लाल विंचवाच्या दंशाने लहान मुलाच्या हृदयावर ताण येतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ केल्यापासून हे मृत्यू खूप कमी झाले, पण मूल वेळेत दवाखान्यात पोचलं तरच. घाबरून जायचं नाही. बूट टेंटच्या आत ठेवायचे, सकाळी झटकून घालायचे, टेंटची चेन कायम बंद, आणि लाकडांच्या ढिगाशी खेळ नाही.

नागावच्या विरोधात जातो तो उकाडा. ऑक्टोबरात किंवा मार्चनंतर दमट हवेत टेंटमध्ये झोपणं म्हणजे शिक्षा. डिसेंबर-जानेवारी हेच दोन महिने. डास कायमचेच, मच्छरदाणी घरची न्या. समुद्रात जायचं ते मालकाला भरती-ओहोटीची वेळ विचारून, गुडघाभरच. काशीदची वाळू जास्त पांढरी असली तरी तिथला उतार आणि ओढ मुलांसाठी नाही.

पैशांत तिन्हीकडे फार फरक पडत नाही. दर माणशी असतो, छोट्या मुलांचे धरत नाहीत किंवा अर्धे धरतात. ते आधी विचारून घ्या, कारण 'छोटं' म्हणजे पाचच्या आत की दहाच्या, हे प्रत्येक मालक वेगळं सांगतो. चौदा माणसं असाल तर छोटी साइट किंवा वाडी पूर्ण मागा, शेजारी कोण येणार हा प्रश्नच मिटतो. 'चार माणसांचा टेंट' म्हणजे दोन मोठे, एक मूल आणि एक बॅग.

तर माझा कौल असा: सगळ्यात धाकटं मूल पाचच्या आत असेल तर डिसेंबरात नागाव, खोल्या आणि टेंट मिळून. सगळी सहाच्या पुढे असतील तर नोव्हेंबरात भंडारदरा. एकच रात्र आणि सोमवारची रजा असेल तर पवना. पावसाळ्यात तिन्ही नको, मालक काहीही म्हणो.

अॅडव्हान्स भरायच्या आधी ग्रुपवर आणखी एक ठरवून घ्या, जे कुणी विचारत नाही. दर रात्री एक मोठा माणूस न पिता राहील, गाडीची चावी त्याच्या खिशात, आणि गाडी फाटकाकडे तोंड करून लावलेली. पहिल्या रात्री कोण, हे निघायच्या आधीच नावानिशी लिहा. शेकोटीपाशी बसल्यावर ते ठरत नाही.