घोडबंदरला चौदा महिने पाणी पिऊन झाल्यावर : जार, उकळणं, आरओ, सगळं करून बघितलंय

गेल्या वर्षी मे संपता संपता आम्ही कळव्याहून ठाण्याच्या घोडबंदर रोडला, वाघबीळच्या पुढे राहायला आलो. मी, नवरा, सहावीतला पोरगा आणि सासूबाई. फ्लॅट बघताना लिफ्ट बघितली, पार्किंग बघितलं, बाल्कनीतून डोंगर दिसतो का तेही बघितलं, पण पाणी कुठून येतं हे चौघांपैकी एकानेही विचारलं नाही.

पहिल्याच आठवड्यात तुरीची डाळ शिजेना. सहा शिट्ट्या झाल्या तरी दाणा आख्खा. आई म्हणाल्या, पाणी जड आहे गं, मी म्हटलं नवीन कुकर आहे म्हणून असेल. मग चहावर साय नाही पण सायीसारखा एक तवंग यायला लागला, साबणाला फेस नाही, बाथरूमच्या नळावर पांढरे डाग. खाली वॉचमनला विचारलं तर तो निवांतपणे म्हणाला, मॅडम उन्हाळ्यात अर्धं पाणी टँकरचं असतं ना, बोअरचं. नवऱ्याने दोनशे रुपयांचा टीडीएस मीटर (लिटरभर पाण्यात किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत ते सांगणारा) मागवला, आकडा आला ६४०. पिण्याच्या पाण्याचं आयएस १०५०० म्हणून जे भारतीय मानक आहे त्यात ५०० पर्यंत चांगलं धरतात, दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे विष नव्हतं, पण रोजची डाळ अशी खायची म्हणजे शिक्षाच.

जार. म्हणून २० लिटरचा जार लावला. थंडगार येतो, चव बरी, डाळ पण शिजली. दीड महिना वापरला आणि माझं मत वाईट आहे. बऱ्याच सीलबंद बाटल्यांवर आयएसआयचा शिक्का आणि १४५४३ हा बाटलीबंद पाण्याच्या मानकाचा नंबर असतो, आमच्याकडे यायचा त्या निळ्या थंड जारवर काहीच नव्हतं, झाकण नुसतं दाबलेलं. कुठे भरता विचारलं की पोरगा म्हणायचा, "प्लँटवर". कुठला प्लँट? "आपलाच प्लँट." एकदा रिकामा जार उन्हाकडे धरला तर तळाला हिरवट थर. त्या दिवशी बंद. तरी आपण सगळे त्याला मिनरल वॉटरच म्हणतो, गंमतच आहे.

तेवढ्यात पाऊस लागला, टँकर थांबले, महापालिकेचं पाणी पूर्ण दाबाने आलं. मीटर टाकला तर ८४! आम्ही एवढे खूश, की फडक्याने गाळून सरळ नळाचं प्यायला लागलो. चौदा महिन्यांतली सगळ्यात मोठी चूक ही. जुलैत पोरगा जुलाब-उलट्यांनी असा पडला की दोन दिवस सलाइन. डॉक्टरांनी पहिलं विचारलं, पाणी कुठलं? मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, टीडीएस ८४ आहे. त्यांनी माझ्याकडे जे बघितलं ते अजून आठवतंय. मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून क्षारांचा अंदाज देतो. जंतू त्याला दिसतच नाहीत, गटाराचं पाणी मिसळलं तरी आकडा छान येऊ शकतो. लॅबमध्ये पाणी दिलं, कॉलिफॉर्म म्हणजे घाण मिसळल्याची खूण असलेले जंतू निघाले. मग शोधाशोध केली तेव्हा कळलं की खालच्या जमिनीतल्या टाकीचं झाकण तडकलेलं आणि पावसाचं पाणी अंगणातून आत. ओटीचे थेंब (क्लोरीन असेल तर पाणी पिवळं करतात ते) आणून क्लोरीन बघितलं, रस्त्याकडच्या लाइनचं पाणी पिवळं झालं, आमच्या किचनचं अजिबात रंग बदलेना. म्हणजे महापालिका क्लोरीन घालून पाठवत होती आणि आम्ही आपल्याच टाकीत घाण करून पीत होतो. मी मात्र आठवडाभर महापालिकेला शिव्या घातल्या होत्या.

उकळणं. ऑगस्ट ते दिवाळी उकळून प्यायलो. खळखळून उकळी आली की एक मिनिट पुरतं, वीस मिनिटं गॅस जाळायची गरज नाही. आमचा सिलिंडर आठेक दिवस लवकर संपायला लागला. जंतूंसाठी यासारखं खात्रीचं काही नाही, मशीन बिघडायची भीती नाही, लाइट गेली तरी चालतं. पण क्षार कमी होत नाहीत, टँकरचं पाणी उकळलं की थोडे पातेल्याच्या बुडाला पांढरे चिकटतात तेवढेच. आणि खरी मेख उकळल्यानंतर आहे, पोरं खेळून येतात, भांडं हातासकट माठात बुडवतात, झालं, सगळं मुसळ केरात. आईंनी माठावर लांब दांड्याचं ओगराळं टांगलं आणि हात घालणाऱ्याला दिवसभर पाणी नाही असा कायदा केला.

आरओ, म्हणजे पाणी बारीक पडद्यातून दाबून क्षार अडवणारं मशीन. दिवाळीत त्याचा एक सेल्समन आला. नळाच्या पाण्यात त्याने लोखंडी-अॅल्युमिनियमच्या कांड्या घालून करंट सोडला, दोन मिनिटांत चॉकलेटी चिखल. शेजारी त्याच्या आरओच्या पाण्याचा ग्लास, तसाच स्वच्छ. आई घाबरल्या, मी पण, जवळजवळ सोळा हजार गेले. नंतर वाचलं की तो चिखल त्या कांड्यांचाच गंज असतो, आरओच्या पाण्यात क्षार नसल्यामुळे करंटच जात नाही म्हणून ते साफ दिसतं. पुढे शेजारच्या वहिनींकडे असाच एक आला तेव्हा आमच्या पोराने त्याच्या शुद्ध ग्लासात चिमूटभर मीठ टाकलं. तोही चिखल. माणूस चहा न घेता गेला.

आता मशीनबद्दल. आरओ अधिक यूव्ही (जंतू मारणारा अतिनील दिवा) आहे, नऊ महिने झाले. थंडीत नळाचं ८०-८५ चं पाणी त्यातून ९ होऊन यायचं, चव म्हणजे काहीच नाही, आणि एक लिटरमागे तीन लिटर बाहेर. इतक्या कमी क्षारांच्या पाण्याला आरओ लावणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये ५०० च्या खाली टीडीएस असेल तिथे आरओवर बंदी आणा असं सरकारला सांगितलं होतं ते काय उगाच नाही. माझी बहीण नेरुळला असते, तिथे नवी मुंबई महापालिकेचं स्वतःच्या मोरबे धरणाचं पाणी, टँकरची भानगड नाही, ती नुसत्या यूव्हीवर सुखात आहे. वर्षाला दिवा बदलते, बस. लाइट गेली की मात्र तिचं पाणी बंद.

पण एप्रिल-मेमध्ये टँकर सुरू झाले, मीटर परत ६४०, आणि या मशीनने ५८ वर आणून दिलं. डाळ चार शिट्ट्यांत. तेव्हा मी त्या सेल्समनला अर्धं माफ केलं. बाहेर पडणारं पाणी थंडीत झाडांना घालायचे, तेच उन्हाळ्यात घातलं तर मोगऱ्याच्या पानांच्या कडा करपल्या, मोजलं तर ८०० च्या वर. आता ते फक्त लादी आणि संडासला.

सर्व्हिसचा एक किस्सा. मे महिन्यात मेकॅनिक म्हणाला मेम्ब्रेन (क्षार अडवणारा आतला पडदा) गेलंय, साडेतीन हजार. मी त्याच्यासमोर दोन्ही पाणी मोजलं, ६४० आत, ५८ बाहेर. नव्वद टक्क्यांवर क्षार अडवतंय, गेलं कसं? मग म्हणाला, हो हो, चालेल अजून वर्षभर. माती-गाळ अडवणारा फिल्टर मात्र खरंच बदलायला हवा होता, टँकरच्या गाळाने काळा झालेला.

आज परत घ्यायचं असतं तर? वर्षातले दहा आठवडे सोडले तर मला आरओ लागत नाही, पण ते दहा आठवडे टँकर येतोच, त्यामुळे घेतलंच असतं, फक्त आठ-नऊ हजारांचं, आणि मिनरल, अल्कलाइन, कॉपर वगैरे कौतुकं न घेता. तुमच्याकडे टँकर येत नसेल तर यूव्ही नाहीतर उकळणं, माझ्या मते पुरे.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये टाकीच्या नवीन झाकणाचा विषय मांडला तेव्हा घरटी दीडशे रुपये काढायला तीन महिने लागले. प्रत्येकाच्या किचनमध्ये पंधरा हजारांचं मशीन आहे. झाकण बसलंय आता. रविवारी टाकी धुणार आहेत, दहा ते पाच पाणी बंद, आईंनी आत्तापासूनच हंडे भरायला घेतलेत.